घरच्या फिश टँकला संप आणि स्टँड करताय? आधी या चुका टाळा

रात्री पावणेदोनला आमच्याकडे लाईट गेली आणि दहा मिनिटांनी हॉलमधून पाणी ठिबकल्याचा आवाज यायला लागला. टॉर्च घेऊन बघतो तर टँकखालच्या कपाटातून, म्हणजे जिथे संप (वरच्या टँकचं पाणी ज्यात उतरून फिल्टर होतं आणि पंपाने परत वर जातं ती दुसरी टाकी) ठेवलाय तिथून, पाणी सरळ सोफ्याकडे चाललेलं. वीसेक लिटर असेल. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, त्यांच्या छताला ओल आली होती, आणि त्यांना काय सांगायचं हेच मला कळेना. टँक फुटला नव्हता, कुठलाही जॉइंट लीक नव्हता, पंपही चांगला होता. चूक कागदावरची होती, कारण मी हिशोब केला तो पंप चालू असतानाचाच, बंद पडल्यावर काय होईल याचा केलाच नाही.

म्हणून पहिल्यांदा संप करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, संपचं माप लाईट गेल्यावर खाली किती पाणी येणार यावरून काढा, बाकी सगळं नंतर.

लाईट गेल्यावरचा हिशोब

माझा टँक चार फूट बाय दीड बाय दीड. यात काठोकाठ साधारण 255 लिटर पाणी बसतं, आणि एक इंच पाणी म्हणजे जवळपास 14 लिटर. पंप थांबला की ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं जास्तीचं पाणी संपमध्ये सोडणाऱ्या वाटेच्या) काठापर्यंतचं पाणी खाली येतंच, पण खरा घात करतो तो रिटर्नचा, म्हणजे पंपाचं पाणी वर टँकमध्ये नेणारा पाईप, तो उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड पाण्याबाहेर येऊन हवा आत शिरेपर्यंत टँकमधलं पाणी खाली ओढत राहतो. मी ते तोंड पाण्याखाली पाच इंचावर ठेवलं होतं, आवाज नको आणि पाणी नीट फिरावं म्हणून. पाच इंच म्हणजे 70 लिटर. संप 36 बाय 15 बाय 15 इंचाचा, तो मी आठ इंच भरून चालवत होतो, वरचा एक इंच सोडला तर जागा उरते 53 लिटरची. उरलेलं पाणी फरशीवर, दुसरीकडे जाणार कुठे?

आता तेच तोंड पाण्याखाली जेमतेम इंचभर आहे. एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावला की झालं असं दुकानात सांगतात, पण त्याच्या झडपेत एखादी बारकी गोगलगाय किंवा शेवाळ अडकलं की ती पूर्ण बंद होत नाही. पाईपला छोटं भोक पाडून हवा घेण्याची युक्ती चांगली आहे पण ते भोकही शेवाळाने बुजतं, महिन्या-दोन महिन्यांनी टूथपिक घालून साफ करावं लागतं. दोन्ही जरूर करा, भरवसा मात्र संपमधल्या मोकळ्या जागेवरच ठेवा.

याच्या उलटंही होतं. टँकला भोक न पाडता काठावरून यू-ट्यूबचा (इंग्रजी U आकाराच्या उलट्या नळीचा) ओव्हरफ्लो लावला असेल तर कधीतरी त्यात हवा साठते, सायफन तुटतो, खाली येणारं पाणी थांबतं आणि पंप मात्र वर पाणी फेकतच राहतो. म्हणून संपमधल्या कप्प्यांपैकी पंप बसतो तो कप्पा लहान असलेला बरा. 15 बाय 10 इंचाच्या कप्प्यात आठ इंच पाणी म्हणजे वीसेक लिटर, ते सगळं वर गेलं तर माझ्या टँकची पातळी जवळजवळ दीड इंच चढते, तेवढी जागा वर रिकामी हवीच. खरं सांगायचं तर नवीन टँक करत असाल तर त्या U नळीच्या नादी लागू नका, काच जोडण्याआधीच भोकं पाडून घ्या. दोन पाडा, एक रोजचं आणि एक आणीबाणीचं, कारण एकाच पाईपात पान अडकलं की खेळ संपला. आणि काच टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे का ते आधी विचारा, टफन्ड काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो.

स्टँड

पाणी एक लिटर म्हणजे एक किलो एवढं सगळ्यांना माहीत असतं पण बेरीज कोणी करत नाही. माझ्या टँकचं पाणी 250 किलो धरा, 10 एमएमची काच पन्नासेक किलो, वाळू-दगड तीस-चाळीस, खाली संपचं पाणी आणि काच मिळून नव्वद, वर स्टँड स्वतः. पाचशे किलोच्या आसपास जातं आणि हे सगळं सहा चौरस फुटांवर. घराच्या स्लॅबचं डिझाइन करताना लाईव्ह लोड (माणसं, सामान यांचं वजन) साधारण 200 किलो प्रति चौरस मीटर धरतात, तो पूर्ण खोलीवर पसरलेला असतो हे खरं, पण म्हणून एवढं वजन खोलीच्या मधोमध ठेवायचं नाही, बीमवरच्या भिंतीला लागून ठेवायचं. पाच-सहा फुटी टँक असेल किंवा बिल्डिंग जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फॅब्रिकेटरला 'टँकचा स्टँड' एवढंच सांगितलं की तो पुढे मधोमध एक पाय देतो. दणकट होतो स्टँड, पण मग तीन फुटी संप आत जाणार कुठून? माझा पहिला स्टँड असाच आला, रेड ऑक्साईड मारून, रंग देऊन, एकदम देखणा, आणि संप त्यात शिरेना. परत पाठवून बाजूच्या पट्ट्या काढून घ्याव्या लागल्या. आता मी आधी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा संपच्या मापाचा डबा करतो आणि वेल्डिंग पक्कं करण्याआधी तो आत-बाहेर करून बघतो. निदान एक बाजू पूर्ण मोकळी हवी, आणि स्टँड डुलू नये म्हणून मागे तिरकी पट्टी.

उंचीचंही तेच. संप 15 इंची आणि आत जागा 18 इंच, झालं की फिट, असं वाटतं. पण फिल्टरची पिशवी उपसायची तर वर हात जायला हवा, मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक असेल तर स्किमरचा, म्हणजे फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा, कप वर उचलून काढावा लागतो. संपच्या वर 10-12 इंच मोकळे नसले तर साफसफाई टाळली जाते, आणि घाण बसलेल्या संपचा माशांना काय उपयोग.

मटेरियलचं थोडक्यात सांगतो. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ नको, ओलावा लागला की फुगतं. एमएस (साध्या लोखंडी) चौकोनी पाईपचा सांगाडा, वेल्डिंगच्या गाठी ग्राइंडरने सपाट केलेल्या, वर 18 एमएम मरीन प्लाय आणि सपाट तळाच्या टँकखाली थर्माकोल. लेव्हल मात्र नीट बघा, गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चारही कोपरे तपासा. बाल्कनीकडे फरशीला उतार असतो हे टँक अर्धा भरल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालू नका, ती भिजते आणि दबते, लोखंडी पत्र्याचे तुकडे घाला.

पंप आणि वायरिंग

खोक्यावर 3000 लिटर लिहिलंय म्हणून वर 3000 लिटर चढत नाही, तो आकडा शून्य उंचीचा असतो. 'मॅक्स हेड 2 मीटर' म्हणजे दोन मीटरवर पंप शून्य पाणी देतो. चार-साडेचार फूट चढवायचं असेल तर कंपनीचा आलेख बघूनच घ्या, आणि पाईपला काटकोनी एल्बो कमीत कमी ठेवा. बाष्पीभवनाने होणारी घट फक्त पंपाच्याच कप्प्यात दिसते, एप्रिल-मेमध्ये तो कप्पा पटापट उतरतो आणि पंप कोरडा पडून जळतो.

एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या तळाशी ठेवलेला मी कितीतरी घरांत पाहिलाय. बघूनच जीव खालीवर होतो. बोर्ड संपच्या पातळीपेक्षा वर, बाजूच्या भिंतीला लावा, प्रत्येक वायरला आधी खाली झोळ देऊन मग प्लगकडे न्या म्हणजे पाणी वायरवरून प्लगमध्ये न जाता झोळातून खाली टपकेल, आणि या लाईनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच) हवीच. घरात लहान मुलं असोत नसोत.

शेवटी टेस्टिंग. मासे आणायच्या आधी आठवडाभर नुसतं पाणी फिरवा आणि मेन स्विच चार-पाच वेळा बंद करून प्रत्येक वेळी पाणी थांबेपर्यंत संपजवळ बसून राहा. सगळं पाणी खाली येऊनही वर निदान दोन इंच उरले पाहिजेत. तसं जमलं की पंप चालू करा, पाणी स्थिर झालं की त्या पातळीवर पंपाच्या कप्प्याच्या काचेवर परमनंट मार्करने रेघ मारा आणि या रेघेच्या वर पाणी घालायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण आपण गावाला गेलो की टँकमध्ये पाणी घालणारं माणूस वेगळं असतं.