बोका रात्री घोट्याला चावतो? या चुका टाळा

"काकू, पहाटे तीनला बोका पायाला चावतो हो!" असा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, मांजर बाहेर सोडत नाहीत (हे उत्तम), खेळण्यांची टोपली ओसंडून वाहतेय. मी विचारते, "तुम्ही स्वतः त्याच्याशी किती वेळ खेळता?" पलीकडे शांतता.

आधी लेझरबद्दल बोलते, कारण ते पाप मीही केलंय. माझी मांजर चिंगी नवीन होती. सोफ्यावर बसून एका हातात चहा, दुसऱ्या हातात लेझर. ती लाल ठिपक्यामागे भिंती चढायची आणि आम्ही हसायचो. पंधरा दिवसांत ती घड्याळाच्या काचेचा कवडसा पाहूनही ताठ व्हायला लागली. मग स्टीलच्या झाकणाचा. एका सकाळी देवघराजवळच्या कवडशावर तिने झेप घेतली आणि निरांजन कलंडलं. सासूबाई म्हणाल्या, "मांजराला वेड लावलंस गं तू." खरंच होतं ते. मांजराची शिकार ठरलेल्या क्रमाने होते: टपणं, झडप, पकड, चावा, खाणं, अंग चाटणं, झोप. लेझरमध्ये झडपेपर्यंतच गाडी जाते, पंजात काहीच येत नाही. लेझर कचऱ्यात गेलं, पण चिंगीचं भिंतीकडे टक लावून बसणं सुटायला दोन महिने लागले.

आता माझी पद्धत साधी आहे. वेताच्या काठीला जुन्या ओढणीची पट्टी बांधायची आणि ती उंदरासारखी फरशीवरून, दाराआडून, चिंगीपासून लांब पळवायची. तोंडासमोर नाचवायची नाही. कुठला उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडात येतो? शेवटी वेग कमी करून तिला पकडू द्यायचं, चावू द्यायचं, आणि लगेच जेवणाची वाटी पुढे ठेवायची. दहा मिनिटं सकाळी, दहा रात्री झोपण्याआधी. पहाटे आणि संध्याकाळी अंगात येणं हा मांजराचा स्वभावच आहे, त्याला शिक्षा करून काय होणार? हे दोन दिवस करून "फरक नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दोन आठवडे करा, मग फोन करा.

खेळ संपला की काठी कपाटात. सतत समोर पडलेलं खेळणं मांजराला पायपुसण्याइतकंच कंटाळवाणं वाटतं. शिवाय पट्टी, दोरा, राखी, गजऱ्याचा धागा, संक्रांतीचा मांजा यातलं काहीही उघड्यावर नको. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा सहज बाहेर टाकता येत नाही. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. दुसरं टोक आत अडकलेलं असलं तर नाडी ओढल्यावर लेंगा चुणतो तसं आतडं चुणतं आणि कापलंही जातं. तडक डॉक्टरकडे जा.

पिल्लाला हाताशी कुस्ती खेळायला शिकवू नका. मोठा झाल्यावर तोच पंजा तुमच्यावर येतो.

"आमची हुशार आहे, पडायची नाही." पडते. गॅलरीला जाळी लावा.

नखं घासायचा खांब वीतभर आणि डुगडुगता असेल तर सोफा फाटणारच. अंग पूर्ण ताणता यावं इतका उंच आणि जड हवा. माझ्याकडे सुंभ गुंडाळलेली फळी आहे, भिंतीला स्क्रूने पक्की केलेली.

फुलदाणीत लिली नको. तिचे परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

सोबत म्हणून शनिवारी दुसरं मांजर आणायचं आणि रविवारी दोघांचा एकत्र फोटो काढायचा, ही घाई तर अजिबात नको. वेगळी खोली, वेगळं लिटर (शी-शूसाठीची वाळूची पेटी), एकमेकांच्या वासाची फडकी, मग दाराच्या फटीतून ओळख. यात आठवडे जातात.

आणि बोका लिटरमध्ये वारंवार बसून कुंथतोय, लघवी होत नाहीये, तर त्याला कंटाळा समजून खेळणी आणू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर जिवावर बेततं. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.