कॅनडाचं नागरिकत्व तातडीने हवंय? पत्र असं लिहा

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, मुलाकडे कॅनडात मिसिसॉगाला आलो आणि रीतसर वेळ भरल्यावर इथलं नागरिकत्वही घेतलं. पंचावन्न वर्षांपुढच्यांना परीक्षाही नसते आणि भाषेची अटही, त्यामुळे माझी फाइल निवांत पार पडली. तरुणांचं तसं नसतं. त्यांना घाई असते, आणि मग मंडळातलं कुणी ना कुणी ‘काका, हे अर्जंटचं पत्र जरा बघता का’ म्हणत लॅपटॉप घेऊन येतं. बहुतेक पत्रांत कळकळ भरपूर असते, कागद मात्र एकही नसतो.

घाई कुणाची मान्य होते, ते आधी बघा. आयआरसीसी, म्हणजे इथलं इमिग्रेशन खातं, मोजकीच कारणं धरतं. नागरिकत्वाशिवाय नोकरीला अर्जच करता येत नाही किंवा असलेली नोकरी जाते, हे एक. शिक्षण अडतं, हे दुसरं. घरात मृत्यू किंवा गंभीर आजार आहे, प्रवास करायचाय आणि सध्याच्या देशाचा पासपोर्ट मिळतच नाही, हे तिसरं. आधीच्या अर्जावर फेडरल कोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला असेल, तर तेही चालतं. ‘फार दिवस झाले’ हे कारण नाही. ‘युरोपला फिरायला सोपं पडेल’ हे तर मुळीच नाही.

आता आपल्या लोकांचं नेहमीचं कारण घेऊ. पुण्यात आई आजारी आहे, म्हणून नागरिकत्व लवकर द्या. तिसरं कारण पुन्हा वाचा. तुमच्याकडे चालू भारतीय पासपोर्ट आणि पीआर कार्ड, म्हणजे इथल्या कायम रहिवासाचं कार्ड, असेल, तर तुम्ही आज रात्रीच्या विमानाने जाऊ शकता. मग अधिकाऱ्याने तातडी कशाची मानायची? उलट या घाईत नागरिकत्वाची शपथ झाली, तर तुम्हीच अडकाल. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. शपथ घेतली की भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही आणि पीआर कार्डही संपतं. त्यानंतर कॅनडाचा पासपोर्ट काढा, भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या, मग व्हिसा किंवा ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. एवढं होईपर्यंत आई वाट बघत बसेल. अशा वेळी मी सांगतो, पत्र लिहूच नका, आधी जाऊन या. शपथेची तारीख आली असेल, तर कारण कळवून ती पुढे मागा. अडचण फक्त पीआर कार्ड संपल्याची असेल, तर त्या कार्डासाठी तातडीचा वेगळा अर्ज असतो, तो करा.

नोकरीचं कारण खरं असेल, तर मात्र जोर लावा. केंद्र सरकारच्या पुष्कळ नोकऱ्या आता पीआरवाल्यांनाही खुल्या आहेत, त्यामुळे ‘सरकारी नोकरी’ एवढं लिहून भागत नाही. जाहिरातीत ‘कॅनडाचा नागरिक असणे आवश्यक’ असं छापलेलं असेल, तर ते पान जोडा. समजा कंपनी तुम्हाला अमेरिकेत टीएनवर, म्हणजे तिथल्या कामाच्या एका परवान्यावर, पाठवणार आहे. टीएन कॅनडाच्या नागरिकालाच मिळतो, पीआरवाल्याला नाही. इथे एचआरचं पत्र नेमकं हवं: पद कोणतं, नागरिकत्व का लागतं, कोणत्या तारखेपर्यंत लागतं, आणि नाही मिळालं तर तुमच्या नोकरीचं काय होणार. ‘आमच्या गुणी कर्मचाऱ्याला सहकार्य करावे’ असलं पत्र एचआरने दिलं, तर परत पाठवून नवं मागा.

तुमचं स्वतःचं पत्र एका पानाच्या आत बसवा. वर नाव, यूसीआय (खात्याने तुम्हाला दिलेला ओळख क्रमांक) आणि अर्ज क्रमांक. पहिल्याच वाक्यात मागणी आणि तारीख. दुसऱ्या परिच्छेदात कारण, आणि प्रत्येक विधानापुढे कंसात सहपत्राचा क्रमांक. वाचणाऱ्या कारकुनाला त्या पत्रावरून वरिष्ठांसाठी दोन ओळींची टिपणी लिहायची असते. त्या दोन ओळी त्याला तुमच्या पत्रातून जशाच्या तशा उचलता आल्या पाहिजेत. कॅनडावरचं प्रेम, भरलेला टॅक्स, मुलांची हॉकी, हे सगळं गाळा. कागद मराठीत असेल, उदाहरणार्थ नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला, तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर नियमाप्रमाणे प्रमाणित करून जोडा. घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही.

अर्ज अजून करायचाच असेल, तर हे पत्र अर्जासोबतच द्या. कागदी अर्ज नोव्हा स्कोशियातल्या सिडनीला जातो, त्या पाकिटावर तातडीचा अर्ज असल्याचं ठळक लिहा. अर्ज आधीच गेला असेल, तर आयआरसीसीच्या वेबफॉर्ममधून पत्र आणि सहपत्रं पाठवा. तातडीची वेगळी फी नसते, त्यामुळे ‘पैसे भरा, लवकर करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटापासून चार हात लांब राहा.

एक गोष्ट लोक विसरतात. मागणी मान्य झाली, तरी नियम सैल होत नाहीत. पाच वर्षांत १,०९५ दिवसांचं वास्तव्य भरलंच पाहिजे, आणि पीआर होण्याआधीचे दिवस अर्धेच धरतात, तेही जास्तीत जास्त ३६५. चौपन्न वर्षांपर्यंत परीक्षा आहेच, वीसपैकी पंधरा उत्तरं बरोबर हवीत. मागच्या चार वर्षांत दुसऱ्या देशात सलग १८३ दिवस किंवा जास्त राहिला असाल, तर तिथला पोलिसांचा दाखला लागतो. यातलं काही अपुरं असेल, तर तातडीचा शेरा असूनही फाइल त्रुटीत अडकते. आणि सगळं पुरं असलं, तरी तारखेच्या आत होईलच असा शब्द खातं देत नाही.

पत्र गेल्यावर दर आठवड्याला तेच पुन्हा पाठवू नका. नवा कागद हाती आला, तरच लिहा. तातडी नाही पण फाइल नुसतीच पडून आहे, अशी स्थिती असेल, तर माहिती मागण्याच्या कायद्याखाली आपल्या फाइलवरच्या नोंदी मागवा. कुठली तपासणी अडली आहे, ते त्यातून बरंचसं दिसतं. मँडॅमससाठी, म्हणजे खात्याला निर्णय घ्यायला लावणाऱ्या आदेशासाठी, फेडरल कोर्टात जाता येतं, पण वकिलाचा खर्च बघता तो शेवटचा उपाय. त्याआधी आपल्या भागातल्या खासदाराच्या कार्यालयात जा, तिथे फुकट चौकशी करून देतात. तुमच्या वतीने खात्याशी बोलण्यासाठी एक संमतीपत्र भरून घेतात, तेव्हा अर्ज क्रमांक आणि ओळखपत्र घेऊन जा. खासदार भेटले नाहीत म्हणून हिरमुसू नका, फाइलची चौकशी टेबलामागे बसलेला कर्मचारीच करतो.