विद्यापीठ शाळेच्या दारात: या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत आम्ही विद्यापीठाकडून पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबत प्रोजेक्टर होता, बासष्ट स्लाइड होत्या आणि एक फ्लेक्स. वीज गेली, फ्लेक्स तेवढा कामी आला. स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक यात पाऊण तास संपला. मग मी 'उच्च शिक्षणाच्या संधी' सांगितल्या आणि विचारलं, "काही शंका?" एकही हात वर नाही.

निघताना व्हरांड्यात बूट घालत होतो, तेव्हा आठवीतली एक मुलगी जवळ आली. "सर, होस्टेलला स्वयंपाक आपला आपण करावा लागतो का?" दिवसभरातला तो एकच खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तरही मला नीट देता आलं नाही. आमच्यासोबत आलेल्या, एस.वाय.ला शिकणाऱ्या मुलीने दिलं. तिला आम्ही दिवसभर खुर्च्या लावायला ठेवलं होतं!

बोलणारा माणूसच चुकतो

विद्यापीठाकडून शाळेत बहुधा विभागप्रमुख जातात. शेजारच्याच गावातून शिकायला आलेला विद्यार्थी बोलला, तर मुलं पुढे सरकून बसतात. सकाळची एसटी किती वाजता, मेसचा खर्च किती, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कुठला दाखला अडला, हे त्याला ठाऊक असतं. प्राध्यापकांनी मागच्या बाकावर बसावं. (आम्हाला जड जातं, पण जमतं.)

मुलं गप्प बसतात म्हणून त्यांना प्रश्न नसतात असं समजू नका. चारचौघांत उभं राहून विचारायची लाज वाटते. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. आम्ही त्यावरून बुटाच्या खोक्याची प्रश्नपेटी केली आणि भेटीच्या आठवडाभर आधी शाळेत ठेवली. नाव लिहायचं नाही, एवढाच नियम. पहिल्याच वेळी खोकं निम्मं भरलं. 'वीज पडताना झाडाखाली का थांबायचं नाही' होतं, तसंच 'इंग्रजी येत नसेल तर कॉलेजात हसतात का' हेही होतं.

एक सूक्ष्मदर्शक, चाळीस मुलं

प्रयोग दाखवायला नेतात आणि रांग लावतात. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं. मूल एक डोळा हाताने दाबून वाकतं, "दिसलं" म्हणतं आणि पुढे जातं. बऱ्याचदा काहीच दिसलेलं नसतं. एका मुलाला आम्ही पाहिलेलं काढायला सांगितलं, तर त्याने काळ्या वाकड्या सळया काढल्या. कांद्याच्या पेशी समजून तो स्वतःच्या पापण्यांचे केस पाहत होता!

यावर उपाय साधा आहे. सहा-सात मुलांमागे एक सूक्ष्मदर्शक आणि एक विद्यार्थी ठेवा. कांद्याचा पापुद्रा मुलांनीच सोलायचा, आयोडीनचा थेंब त्यांनीच टाकायचा, वरच्या पातळ काचेखाली हवेचा बुडबुडा राहिला तर पुन्हा करायचं. तेवढी उपकरणं नसतील तर वर्गाचे गट पाडा आणि बाकीच्यांना मैदानावर दुसरं काम द्या. उपकरण शाळेला भेट देणार असाल तर ते हाताळायला शिक्षकांसोबत एक दुपार बसा, आणि 'फुटलं तरी चालेल, आम्ही दुसरं देऊ' असं लिहून द्या. नाहीतर ते कपाटात जातं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात.

तारीख आणि इयत्ता

२८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला, म्हणून विद्यापीठं प्रयोगशाळा खुल्या करतात. पण नेमकं तेव्हाच दहावीचं बोर्ड सुरू झालेलं असतं किंवा तोंडावर असतं, आणि शाळेतले शिक्षक पर्यवेक्षणात अडकलेले. सातवी-आठवीला बोलवा, किंवा तारीख हलवा.

तसंही दहावीत पोचेपर्यंत बऱ्याच घरांत पुढचा निर्णय झालेला असतो, मुलींच्या बाबतीत तर जास्तच. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० म्हणजे शाळा न सुटण्यासाठी भक्कम कारण. तिच्यातला बौद्धिक चाचणीचा भाग तुमचे विद्यार्थी आरामात शिकवू शकतात.

मुलांना विद्यापीठात आणणार असाल तर शेवटची एसटी आधी पाहा. मुली शाळेत अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत एसटी पासवर येतात, आणि तो पास ठरलेल्या मार्गाचाच असतो. गाडीची सोय तुमचीच हवी.

एकदा गेलो, फोटो काढला, झालं

सर्वांत मोठी चूक हीच, आणि आम्हीही ती तीन वर्षं केली. दरवर्षी नवी शाळा, अहवालात आकडा वाढता. शाळेच्या हाती काही लागलं नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यायचे असतात. बरेचसे साफसफाई आणि रॅलीत जातात. त्यातले ४० एकाच शाळेला द्या: शनिवारी सकाळची शाळा असते, दोन तासांचे वीस शनिवार, चेहरे तेच. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात. वार ठरलेला असला की शिक्षकांना त्याभोवती आखणी करता येते.

काय शिकवायचं, हे मात्र वर्गशिक्षकांना विचारा. 'आमच्याकडे रोबोटिक्स आहे' म्हणून जाऊ नका. त्यांना कदाचित अपूर्णांकात अडलेली अकरा मुलं सांभाळायची असतील. वर्ग सेमी-इंग्रजी आहे का, हेही पहिल्याच फोनवर विचारा, नाहीतर तुम्ही 'प्रकाशसंश्लेषण' म्हणाल आणि मुलांच्या पुस्तकात 'फोटोसिंथेसिस' असेल.

जूनमध्ये शाळेचा फोन लागेनासा झाला, तर नाराजी समजू नका. बहुधा ओळखीच्या बाईंची बदली झालेली असते. नव्या शिक्षकांना भेटायला स्वतः जा, आणि जाताना मागच्या वर्षीचं खोकं घेऊन जा. तळाशी उत्तर न दिलेल्या चिठ्ठ्या राहिलेल्या असतात.