अनेक सर्व्हरवर विभागलेल्या दूरध्वनी यंत्रणेत कॉल आणि संदेशांचे मार्ग कसे आखावेत

संस्थेची दूरध्वनी यंत्रणा एकाच सर्व्हरवर चालते तोवर मार्गाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण डायल केलेला क्रमांक एकतर त्याच सर्व्हरवर असतो किंवा बाहेरच्या लाइनवर जातो. दुसरा सर्व्हर जोडला की प्रत्येक कॉलच्या वेळी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: हा क्रमांक कोणत्या सर्व्हरच्या ताब्यात आहे, तिथपर्यंत कोणत्या वाटेने जायचे आणि ती वाट बंद असेल तर काय करायचे. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक जण नीट ठरवतात. तिसरी मात्र पहिल्यांदा लिंक तुटेपर्यंत कोणाच्या ध्यानीमनी नसते. पुढील पायऱ्या सिप प्रोटोकॉल (इंटरनेट पद्धतीच्या नेटवर्कवर कॉल जुळवण्याची नियमावली) वापरणाऱ्या यंत्रणेला धरून लिहिल्या आहेत. अ‍ॅस्टरिस्क, फ्रीस्विच, कामाइलिओ यांपैकी कोणतेही कॉल हाताळणारे सॉफ्टवेअर वापरत असलात, तरी विचार करण्याची पद्धत तीच राहते.

पायरी १ : क्रमांकांची योजना आधी कागदावर करा

समजा क, ख आणि ग असे तीन सर्व्हर आहेत. २ पासून सुरू होणारे चार अंकी क्रमांक क कडे, ३ चे ख कडे आणि ४ चे ग कडे द्यावेत; म्हणजे प्रत्येकाला १००० क्रमांक मिळतात आणि पहिला अंक पाहूनच मार्ग ठरवता येतो. बाहेरची लाइन घेण्यासाठी ९ वापरणार असाल, तर ९ पासून सुरू होणारे अंतर्गत क्रमांक कोणालाही देऊ नयेत. एका सर्व्हरवर तीन अंकी आणि दुसऱ्यावर चार अंकी क्रमांक ठेवण्याचा मोह टाळावा, कारण मग वापरकर्त्याचे डायल करणे संपले आहे, की तो अजून अंक दाबणार आहे, हे सर्व्हरला कळत नाही आणि प्रत्येक कॉल काही सेकंद उगाच रेंगाळतो.

सर्व्हर एकमेकांशी बोलताना क्रमांकाचे रूप एकच असावे. बाहेरच्या क्रमांकांसाठी ई.१६४ हे रूप सर्वांत सोयीचे आहे: अधिक चिन्ह, देशाचा संकेतांक आणि पुढचा क्रमांक, सर्व मिळून जास्तीत जास्त १५ अंक. वापरकर्ता काहीही दाबो, त्याचे या रूपात रूपांतर कॉल ज्या सर्व्हरवर सुरू झाला तिथेच करावे आणि बाहेरच्या लाइनला हवे असलेले वेगळे रूप शेवटच्या सर्व्हरवर द्यावे. कॉल करणाऱ्याच्या क्रमांकालाही हाच नियम लावावा. तसे केले नाही, तर कॉल पोहोचतो पण मिस्ड कॉलवरून उलट फोन लावता येत नाही.

पायरी २ : सर्व्हरांमध्ये ट्रंक जोडा

ट्रंक म्हणजे दोन सर्व्हरांमधील कॉल नेणारी जोडणी. सिपचे नेहमीचे पोर्ट ५०६० आणि टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) वापरल्यास ५०६१ असते. समोरच्या सर्व्हरची ओळख त्याच्या आयपी पत्त्यावरून पटवायची की नाव आणि पासवर्डवरून, हे ठरवून दोन्ही टोकांना तशीच नोंद करावी. एका टोकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी पद्धत असली की ४०१ किंवा ४०७ («आधी ओळख पटवा») हा प्रतिसाद येऊन कॉल तिथेच अडतो. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्या प्रत्येकाशी थेट जोडायचा झाला, तर तीन सर्व्हरांना ३ ट्रंक पुरतात, पण दहा सर्व्हरांना ४५ लागतात. माझ्या मते चार-पाचांच्या पुढे गेल्यावर मध्ये दोन सामाईक राउटिंग सर्व्हर ठेवावेत आणि बाकीच्यांनी फक्त त्यांच्याशीच बोलावे. मधला सर्व्हर एकच ठेवला, तर तो बंद पडताच सगळ्यांचा परस्परसंपर्क तुटतो.

पायरी ३ : मार्गाचे नियम लिहा आणि फेऱ्यात सापडू नका

क वर लिहायचे नियम थोडेच असतात: २ चे क्रमांक इथेच वाजवावेत, ३ चे ख च्या ट्रंकवर द्यावेत, ४ चे ग च्या ट्रंकवर द्यावेत. एखादी व्यक्ती क वरून ख वर गेली आणि तिला आपला २१५७ हा क्रमांक तसाच हवा असला, तर त्या एका क्रमांकाचा स्वतंत्र नियम लागतो. इथे आपल्या सर्व्हरची पद्धत माहीत असणे आवश्यक आहे. अ‍ॅस्टरिस्क नियम कोणत्या क्रमाने लिहिले आहेत ते न पाहता सर्वांत नेमका जुळणारा नियम निवडतो. फ्रीस्विच मात्र वरून खाली वाचत जातो आणि सहसा पहिल्या जुळणीलाच थांबतो. त्यामुळे फ्रीस्विचमध्ये अपवाद नेहमी सर्वसाधारण नियमाच्या वर लिहावा.

सर्वांत धोकादायक नियम म्हणजे «जे माहीत नाही ते पलीकडे पाठवा». तो क वर ख कडे आणि ख वर क कडे बोट दाखवत असेल, तर अस्तित्वात नसलेला ५००१ डायल होताच कॉल दोघांमध्ये फिरू लागतो. सिपमध्ये यावर मॅक्स-फॉरवर्ड्स हा उपाय आहे: सुरुवातीला साधारणपणे ७० असलेली ही संख्या दर टप्प्यावर एकाने कमी होते आणि शून्यावर आली की ४८३ हा प्रतिसाद मिळतो. मात्र हा उपाय शुद्ध प्रॉक्सी (आलेली विनंती तशीच पुढे सरकवणाऱ्या) सर्व्हरपुरताच भरवशाचा आहे. अ‍ॅस्टरिस्कसारखा सर्व्हर आलेला कॉल स्वतःकडे संपवून पुढे नवा कॉल सुरू करतो आणि त्यात जुनी मोजणी पुढे जाईलच असे नाही. मग एकच चुकीचा क्रमांक सगळ्या लाइन अडवून बसतो. म्हणून ट्रंकवरून आलेल्या कॉलसाठी नियमांचा वेगळा संच ठेवावा, त्यात केवळ स्वतःच्या ताब्यातील क्रमांक असावेत आणि बाकी सगळ्याला ४०४ («असा क्रमांक नाही») द्यावे. अपवादाने दुसरीकडे गेलेल्या २१५७ ची नोंद या संचातही करावी, पण फक्त त्याच एका क्रमांकाची. याच संचात बाहेरच्या लाइनचा नियम नसला, की एका सर्व्हरमध्ये घुसलेल्या भामट्याला दुसऱ्याच्या लाइनवरून महागडे कॉल करता येत नाहीत.

आपत्कालीन क्रमांकांना मात्र यांतले काहीही लागू करू नये. ते कॉल करणारी व्यक्ती जिथे आहे तिथल्याच सर्व्हरच्या लाइनवरून बाहेर पडले पाहिजेत, नाहीतर मदत भलत्याच ठिकाणी पोहोचते.

पायरी ४ : पर्यायी मार्ग कधी घ्यायचा ते ठरवा

दुसरी वाट असणे पुरेसे नाही. ती कोणत्या उत्तरानंतर घ्यायची हे सांगावे लागते. समोरून ४८६ आले, म्हणजे व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे; ६०३ आले, म्हणजे तिने कॉल नाकारला; ४०४ म्हणजे असा क्रमांकच नाही. या तिन्ही वेळी सर्व्हर जिवंत आहे आणि त्याने स्पष्ट उत्तर दिले आहे, त्यामुळे दुसऱ्या वाटेने पुन्हा तेच विचारण्यात अर्थ नाही. नकार दिलेल्या माणसाचा फोन दुसऱ्या मार्गाने लगेच परत वाजतो, तो याच चुकीमुळे. वाट बदलायची ती ५०३ (सेवा उपलब्ध नाही), ४०८ (वेळ संपली) किंवा अजिबात उत्तर न आल्यावर.

हे «अजिबात उत्तर न येणे» प्रकरण जरा खोलात पाहण्यासारखे आहे. यूडीपीवर (पोहोच न घेता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीवर) कॉलची विनंती पाठवल्यावर उत्तर आले नाही, तर सिप ती पहिल्यांदा अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवते, मग १, २, ४ सेकंद असे अंतर दुप्पट करत जाते आणि प्रोटोकॉलमधील मूळ मुदतीनुसार ३२ सेकंदांनी नाद सोडते. एवढा वेळ कानात शांतता ऐकत कोणीही थांबत नाही. पर्यायी मार्ग सुरू होण्याआधीच फोन ठेवलेला असतो. यावर दोन उपाय एकत्र करावेत. पहिला, प्रत्येक ट्रंकवर ठराविक काळाने, उदाहरणार्थ दर ३० सेकंदांनी, ऑप्शन्स ही (समोरचा सर्व्हर चालू आहे का ते तपासणारी) विनंती पाठवावी आणि उत्तर न देणाऱ्या ट्रंकला बाद समजून तिच्यावर कॉल पाठवूच नये. दुसरा, पहिल्या प्रतिसादाची मुदत सर्व्हरमध्ये सोय असेल तिथे तीन-चार सेकंदांवर आणावी. ही मुदत फोन उचलण्याची नव्हे, केवळ १०० क्रमांकाचा «विनंती मिळाली» हा प्रतिसाद येण्याची आहे. या दोन मुदतींची गल्लत केली, तर घंटी दोनदा वाजताच कॉल दुसरीकडे पळू लागतात.

पायरी ५ : आवाजाची वाट वेगळी तपासा

कॉल जुळवणारी सिप आणि आवाज नेणारी आरटीपी यांचे मार्ग एकच असतात असे नाही. फोन वाजतो, उचलला जातो, पण एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो, तेव्हा बहुधा एका सर्व्हरने आपला खासगी पत्ता पलीकडे कळवलेला असतो किंवा फायरवॉलमध्ये आरटीपीचे पोर्ट बंद असतात. सर्व ट्रंकवर निदान एक कोडेक (आवाजाचे अंकीय रूप करण्याची पद्धत) समान ठेवावा. जी.७११ या कोडेकसाठी आवाजाचेच ६४ किलोबिट प्रतिसेकंद लागतात आणि २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांवरील आयपी, यूडीपी व आरटीपीचे हेडर (पॅकेटाच्या सुरुवातीची तांत्रिक माहिती) धरून एका दिशेला ८० किलोबिट. ट्रंकची क्षमता या आकड्यावरून काढावी.

पायरी ६ : संदेशांसाठी स्वतंत्र नियम करा

सिपमधील मेसेज ही विनंती कॉलसारखी संवाद उघडत नाही. ती एकदा जाते आणि एकच उत्तर आणते. २०० आणि २०२ या उत्तरांत फरक आहे: २०२ म्हणजे मधल्या सर्व्हरने संदेश स्वीकारला, पण तो अजून वाचणाऱ्याच्या उपकरणावर पोहोचला असेलच असे नाही. व्यक्ती ऑफलाइन असेल तर संदेश कोणी साठवायचा, हेही एकदाच ठरवावे. ते काम ज्याच्याकडे तो क्रमांक आहे त्याच सर्व्हरने करावे; पाठवणाऱ्या सर्व्हरनेही साठवला, तर लिंक पूर्ववत होताच तोच संदेश दोनदा येतो. उत्तर वाटेत हरवून संदेश पुन्हा पाठवला गेल्यासही असेच घडते, म्हणून प्रत्येक संदेशाला स्वतःची खूण द्यावी आणि शेवटच्या सर्व्हरने आधी आलेली खूण गाळावी.

लांबीची मर्यादा आपल्याला विशेष जाचते. मार्गाची पक्की माहिती नसेल, तर हेडरसह संपूर्ण विनंती १३०० बाइटांच्या आत ठेवावी लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि अनुस्वार ३ बाइट घेतो. नुसता «संदेश» हा शब्द १५ बाइटांचा होतो. रोमन लिपीत चाचणी करून समाधान मानले, तर मराठीतले लांब संदेश प्रत्यक्ष वापरात अडकतात. लांब मजकुरासाठी टीसीपी (पोहोचल्याची खात्री करणारी पद्धत) वापरावे किंवा पाठवतानाच तुकडे करावेत.

पायरी ७ : तोडून पाहा

आधी सर्व सर्व्हरांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) जुळवावीत, अन्यथा लॉग एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. वर सांगितल्याप्रमाणे मधला सर्व्हर नवा कॉल सुरू करत असेल, तर कॉल-आयडीही (कॉलची सिपमधली ओळखखूण) बदलतो. म्हणून पहिल्याच सर्व्हरवर स्वतःचे एक हेडर जोडून ते शेवटपर्यंत न्यावे आणि एसएनग्रेप किंवा वायरशार्क या पॅकेट तपासणाऱ्या साधनांमध्ये त्याच्याच आधारे कॉल शोधावा. मग प्रत्येक सर्व्हरवरून दुसऱ्या प्रत्येकावर कॉल आणि देवनागरी संदेश पाठवावा, अस्तित्वात नसलेला क्रमांक डायल करून तात्काळ ४०४ येते का ते पाहावे आणि शेवटी कामाची वेळ संपल्यावर एकेक ट्रंक फायरवॉलमध्ये बंद करावी. सेवा बंद करून ही चाचणी होत नाही, कारण बंद सेवेच्या यंत्राकडून «पोर्ट उघडे नाही» असे उत्तर लगेच येऊ शकते. फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिले तरच ३२ सेकंदांची ती मुदत आपण खरोखर कमी केली आहे की नाही हे कळते.