कळलावी लावायची असेल तर

आमच्या कुडाळकडे श्रावणात करवंदीच्या जाळीतून कळलावी ही फुलवेल डोकं वर काढते. गौरीला ती हवीच, म्हणून मी परसातच लावली आहे. रानातले कंद मात्र उपटू नका. औषधासाठी ओरबाडून ती आधीच विरळ झाली आहे. कंद रोपवाटिकेतून आणा. बियांपासूनही येते, पण फुलाला तीन-चार वर्षं लागतात.

कंद दोन फाट्यांचा असतो आणि कोंब फक्त फाट्याच्या टोकाला येतो. ते टोक मोडलं की कंद फुकट. मे अखेरीस दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवून लावा. पाणी तुंबलं तर कुजतो, म्हणून मातीत वाळू आणि थोडं शेणखत मिसळा. वेल चढतो पानांच्या टोकांनी. टोकच तणाव्यासारखं वळतं. जाड बांबू त्याला धरता येत नाही. बारीक काटक्या नाहीतर सुतळी द्या. कळी हिरवी, खाली मान घातलेली. उमलताना पाकळ्या उलट्या वर वळतात, आधी पिवळ्या, मग टोकांकडून लाल होत जातात. बघत बसावं असं प्रकरण आहे.

आता विषाचं. वेल सगळाच विषारी, त्यातही कंद आणि बिया जास्त. गाउट या सांधेदुखीच्या आजारावरच्या गोळीत असतं तेच कोल्चिसीन यात असतं. सुरण खाजरा निघाला तर चिंच घालून निभावतं, इथे शिजवूनही विष जात नाही. म्हणून कणगी, करांदे, रताळी असे खायचे कंद लावता त्या वाफ्याजवळ ही नको. दिवाळीनंतर वेल वाळला की कंद काढा, रबरी हातमोजे घालूनच, आणि वाळूच्या डब्यात ठेवा. डब्यावर लाल रंगाने 'विष' लिहा. डबा स्वयंपाकघरात तर अजिबात नको. शेंगा हिरव्या असतानाच तोडते मी. तडकल्या की आतल्या लालभडक बियांवर पोरांचा डोळा जातो. बाळंतपणात कंद उगाळून लावायचा जुना उपाय कुणी सांगितला तर सरळ नाही म्हणा.

पोटात गेलंच तर उलटीची वाट बघू नका, ती काही तासांनी सुरू होते. मिठाचं पाणीही पाजू नका. लगेच १०८ला फोन करा आणि खाल्लेल्या कंदाचा तुकडा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.