डेटाबेस प्रोग्रामरने वेब फ्रेमवर्क कसे निवडावे

नाशिकमधील अंबड-सातपूरच्या कारखान्यात किंवा दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये वर्षानुवर्षे डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामरकडे आज ना उद्या मालकाची मागणी येतेच, की हीच माहिती मोबाइलवरही दिसली पाहिजे. अशा वेळी सध्या कोणते फ्रेमवर्क, म्हणजे वेब अॅप्लिकेशन बनवण्याचा तयार सांगाडा, जोरात आहे याची चौकशी सुरू होते. ज्याचा डेटाबेस आधीच तयार आहे, त्याने मात्र सुरुवात स्वतःच्या टेबलांपासून करावी.

प्रथम व्यवहाराचे नियम कुठे लिहिलेले आहेत ते पाहावे. साठ्याची वजावट, दरांचे हिशेब आणि मंजुऱ्या जर स्टोअर्ड प्रोसिजर व ट्रिगरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्राममध्ये) असतील, तर ते सारे पायथनमध्ये किंवा पीएचपीत पुन्हा लिहिण्यात शहाणपणा नाही. ओरॅकल डेटाबेस वापरणाऱ्याने त्याच्या अपेक्स या वेब अॅप बनवण्याच्या साधनाचा विचार आधी करावा, कारण ते डेटाबेसच्या आतच चालते, त्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागत नाही आणि पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या भाषेचे ज्ञान तसेच्या तसे कामी येते. मात्र त्यामुळे आपण ओरॅकलशी कायमचे बांधले जातो. पोस्टग्रेस हा डेटाबेस असल्यास पोस्टग्रेस्ट हे साधन स्कीमावरून (टेबलांच्या रचनेवरून) थेट एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रामना माहिती घेण्याचा मार्ग, देते, परंतु स्क्रीन वेगळ्या बनवाव्या लागतात.

दुसरी पायरी प्रायमरी कीची, म्हणजे प्रत्येक नोंद ओळखणाऱ्या स्तंभाची किंवा स्तंभांची, आणि खरी अडचण बहुधा इथेच निघते. समजा, पॅकहाउसच्या टेबलात प्लॉट क्रमांक आणि हंगाम मिळून की बनते. 2004 मध्ये आलेले रूबी भाषेतले रेल्स हे फ्रेमवर्क टेबलाचे नाव अनेकवचनी आणि की म्हणून ‘आयडी’ हा एकच स्तंभ गृहीत धरते. संयुक्त (अनेक स्तंभांच्या) कीची अंगभूत सोय त्यात 7.1 आवृत्तीपासून आली. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये ती 5.2 मध्ये, म्हणजे 2025 साली आली, पण त्या आवृत्तीत अशी टेबले त्याच्या तयार अॅडमिनमध्ये (व्यवस्थापनाच्या स्क्रीनमध्ये) नोंदवता येत नाहीत. पीएचपीतील लाराव्हेलचे एलोक्वेंट हे ओआरएम (टेबलांना कोडमधील ऑब्जेक्टशी जोडणारे साधन) संयुक्त की स्वीकारत नाही. पायथनमधील एसक्यूएलअल्केमी मात्र अशी टेबले सहज हाताळते, म्हणून जुन्या डेटाबेससाठी फ्लास्क या छोट्या फ्रेमवर्कसोबत तिचाच विचार करणे मला अधिक योग्य वाटते.

यानंतर डेटाबेसच्या प्रतीवर चाचणी घ्यावी. जँगोची ‘इन्स्पेक्टडीबी’ आज्ञा टेबले वाचून मॉडेल (टेबलाचे कोडमधील रूप) लिहून देते आणि ती अशी खूण करून देते, की मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी प्रक्रिया) चालवले तरी मूळ टेबलांना धक्का लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधील एंटिटी फ्रेमवर्क कोअर या ओआरएममध्येही ‘स्कॅफोल्ड’ची अशीच सोय आहे. चाचणीसाठी सर्वांत अडचणीचे टेबल घ्यावे, कारण सोपे टेबल कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये चालते.

मग सर्वांत किचकट अहवाल बनवून, फ्रेमवर्क प्रत्यक्षात कोणते एसक्यूएल पाठवते ते लॉगमध्ये वाचावे. 200 लॉटच्या यादीत प्रत्येकाच्या शेतकऱ्याचे नाव दाखवताना ओआरएम निष्काळजीपणे वापरले, तर यादीची एक आणि प्रत्येक लॉटसाठी एक अशा 201 क्वेरी जातात. जँगोत ‘सिलेक्ट रिलेटेड’ वापरल्यास एका जॉइनमध्ये (टेबले जोडणाऱ्या एकाच क्वेरीत) काम होते. शिवाय हाताने लिहिलेले एसक्यूएल विनाकटकट चालवता येते का, हेही तपासावे. डॉटनेटमध्ये डॅपर आणि जावात मायबॅटिस याच कामासाठी आहेत.

भाषेचा प्रश्न यानंतरच घ्यावा. एसक्यूएल सर्व्हर आणि विंडोज असलेल्या ठिकाणी एएसपी डॉटनेट कोअर सोयीचे पडते. निवड कोणतीही झाली, तरी वेब अॅप्लिकेशनला डेटाबेसच्या मालकाचे खाते न देता, लागतील तेवढेच अधिकार असलेले वेगळे खाते द्यावे, आणि हे पहिल्या चाचणीपासूनच करावे.