एच-वन रजिस्टर नि पेशंटच्या नोंदी: काउंटरला नवीन असाल तर

डी. फार्म करून नुकतेच मेडिकलच्या काउंटरला उभे राहिला असाल तर एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, नोंद औषध देतानाच करायची, रात्री शटर ओढताना आठवून आठवून नाही. रात्री बिलं जुळतात हो, पण डॉक्टरचा पत्ता कुठून आणणार, चिठ्ठी तर पेशंट घेऊन गेला.

जास्त लफडी होतात ती एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायची आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवायची अशा औषधांच्या सरकारी यादीत (शेड्युलमध्ये). हे शेड्युल 1 मार्च 2014 पासून लागू झालं, तेव्हा यादीत 46 औषधं होती, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, टीबीच्या गोळ्या वगैरे. पॅकवर लाल चौकटीतली वॉर्निंग दिसली की हात आधी रजिस्टरकडे गेला पाहिजे. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, एवढं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते 3 वर्षं सांभाळायचं. नियमात एवढंच आहे, पण बिल नंबर आणि बॅच नंबरचे दोन रकाने आपले आपण वाढवा, उद्या कंपनीने एखादी बॅच परत मागवली तर कुणाकुणाला फोन करायचा ते पाच मिनिटांत कळतं.

आता समजा संध्याकाळी आठची गर्दी आहे, चिठ्ठीवर अल्प्राझोलाम 0.25, रात्री एक, 10 दिवस, आणि गिऱ्हाईक म्हणतंय "अहो अख्खी स्ट्रिप द्या ना, 15चीच तर आहे". नाही द्यायची. 10 कापा, बॅच-एक्स्पायरीची बाजू शेवटपर्यंत शाबूत राहील अशी कापा, आणि रजिस्टरला "10 गोळ्या" लिहा, "1 स्ट्रिप" नाही. मग चिठ्ठीवर डॉक्टरच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख टाका, शिक्का बनवून घेतला तर उत्तमच. हे बरेच जण टाळतात आणि मग तीच चिठ्ठी चार दुकानं फिरते. डॉक्टरने रिपीट लिहिलं नसेल तर ती चिठ्ठी एकदाच चालते. लिहिताना चुकलं तर एक सरळ रेघ मारून बाजूला सही करायची, व्हाइटनर अजिबात नको, ड्रग इन्स्पेक्टरची नजर पहिली तिथेच जाते.

शेड्युल एक्स या आणखी कडक यादीचं प्रकरण वेगळं, म्हणजे मिथाइलफेनिडेट, केटामिन वगैरे. त्याला लायसन्सच वेगळं लागतं, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात 2 वर्षं. लायसन्स नसेल तर विषयच संपला.

हे झालं कायद्याचं, पण नेहमीच्या पेशंटची फाइल ठेवणं मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स 2015 प्रमाणे पेशंटचं रेकॉर्ड 5 वर्षं ठेवायचंय, आणि त्याने मागितलं तर 72 तासांत द्यायचंय. सॉफ्टवेअरमध्ये नावाखाली ॲलर्जी आणि चालू गोळ्या एवढं जरी टाकलं तरी खूप काम होतं. हार्टवाले काका दर महिन्याला वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) नेतात, आणि एक दिवस गुडघ्यासाठी दुसऱ्याच डॉक्टरची डायक्लोफिनॅक या पेनकिलरची चिठ्ठी घेऊन येतात, दोन्ही एकत्र गेलं की रक्तस्रावाची भीती. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नाही, दोन्ही चिठ्ठ्या दिसतात फक्त तुम्हाला, त्याही नोंद असेल तरच. अशा वेळी गोळ्या देण्याआधी डॉक्टरला फोन लावा, काय बोलणं झालं ते तारीख-वेळेसकट फाइलला टाका.

आणि सॉफ्टवेअरचा बॅकअप दुकानातल्याच कॉम्प्युटरवर ठेवू नका प्लीज.